रताळ्यांचा वाफा आणि 'ती मंडळी'

आमच्या सासरी एका प्राण्याचं नाव घ्यायला बंदी होती. वाघाचं घ्या, सापाचं घ्या, थेट तहसीलदाराचं घ्या, कुणी हरकत घेत नसे. उंदराचं मात्र नाव काढायचं नाही. 'ती मंडळी' म्हणायचं, तेही हळू आवाजात. कारण त्यांना ऐकू येतं, आणि नुसतं ऐकू येत नाही, समजतं. आज तुम्ही घरात मोठ्यानं म्हणालात की उंदरांना औषध आणायला हवं, की उद्या सकाळी तुमच्या पातळाला भोक पडलेलं असायचं.

मी लग्न होऊन या घरात आले ती प्राणिशास्त्राची पदवी घेऊन आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन. माहेर जालन्याचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. असली समजूत ऐकली की माझ्या कपाळाची शीर उडायला लागायची. पण नव्या सुनेनं पहिल्याच वर्षी सासूला उंदराच्या कानाची रचना समजावून सांगणं बरं दिसत नाही, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं मला फार काळ जमत नाही, हे पुढं दिसेलच.

आमचं घर पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला. तेव्हा तिथं घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या. सासरे कचेरीतून निवृत्त झाले आणि गावातली भाड्याची जागा सोडून त्यांनी इथं प्लॉट घेतला. बांधल्या दोनच खोल्या आणि एक पडवी. मागं परस मात्र लांबलचक. घर एवढंसं का, असं मी एकदा विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्यांना शेती करायची हाय ना."

सासरे मूळचे पिशोरचे. दोघं भाऊ. थोरला वावरात राहिला, धाकट्याला शाळेत घातलं. निजामाच्या अमदानीत शाळा म्हणजे उर्दू, त्यामुळे मामंजी उर्दूतून शिकले. पोलीस ॲक्शननंतर कचेरीत मराठी आली तेव्हा नोकरी करता करता ते पुन्हा नव्यानं मराठी कागद लिहायला शिकले. ते हिशेब मराठीत करत आणि रागावत उर्दूत. सगळा जन्म टेबलामागं गेला, पण स्वतःला ते शेतकरीच समजायचे. ही गोष्ट त्यांच्या थोरल्या भावाला काही केल्या पटत नव्हती.

थोरले दर महाशिवरात्रीला वेरूळला दर्शनाला येत आणि तीच गाडी पुढं पडेगावावरून जाते म्हणून आमच्याकडं उतरत. काळासावळा उंच गडी, डोक्याला पटका, कपाळावर भस्माचे पट्टे आणि आवाज असा की बोलायला लागले की रस्त्यावरचे लोक वळून बघत. खांद्यावर उपासाच्या रताळ्यांची पिशवी असायची. ती पायरीवर आदळून म्हणायचे, "घे रे कारकुना. वावरातली हायेत. खा."

त्यात माया होती, मला दिसत होती. पण 'कारकुना' या शब्दाला मामंजींचा चेहरा उतरायचा तोही दिसत होता. माझ्या पहिल्या शिवरात्रीला त्यांनी ती रताळी काढा प्यावा तशी खाल्ली. मी सहसा कुणाची कीव करत नाही, पण त्या दिवशी मला वाईट वाटलं.

पुढच्या दिवाळीला आम्ही सगळे पिशोरला गेलो होतो. फराळाला भावकी बसलेली, आणि मामंजींनी चकली हातात धरून जाहीर केलं, "दादा, या शिवरात्रीला पिशवी आणायची नाही. माझ्या घरची रताळी खायची."

थोरले एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "दौतीला कुठं कोंब फुटतो व्हय रे?" ते म्हणाले. सगळी भावकी हसली. मामंजी हसले नाहीत. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "सूनबाई, यंदा जर मी त्याला खाऊ घातलं नाही, तर मेल्यावर बापाला काय तोंड दाखवू?"

तर असं ते प्रकरण होतं. लोकांच्या घरी शिवरात्रीला महादेव येतो. आमच्याकडं परीक्षा येणार होती.

बेणं म्हणजे रताळ्याचे वेल, ते लावायला हवे. पिशोरहून आणणं शक्य नव्हतं, इज्जतीचा प्रश्न होता. मामंजी दौलताबादच्या एका माळ्याकडून लाल रताळ्याचे वेल घेऊन आले, ओल्या पोत्यात बाळंतिणीच्या पोरासारखे गुंडाळून. मग त्यांनी परसात वरंबे ओढले. दोरी बांधून ओढले. कचेरीत कागदाला समास सोडायची सवय, तीच मातीत उतरली. मी खिडकीतून बघत होते. निवृत्त माणूस, पंचा गुंडाळलेला, चष्मा नाकावर घसरलेला, आणि एवढा खूश की मला हसू आवरेना.

वेल असा फोफावला की परस हिरवंगार झालं. मामंजी रोज सकाळी चहाचा कप घेऊन वरंब्याशी जायचे आणि पानांना विचारायचे, "क्यों साहब, मिजाज कैसे हैं?" मग एका सकाळी तिथंच थबकले. वरंब्याच्या कुशीला भुसभुशीत मातीचा ताजा ढीग होता. त्याला उकीर म्हणतात. तो दिसला की समजायचं, खाली कुणीतरी बिऱ्हाड केलंय आणि ते भाडं देणार नाही.

मी हातातला झाडू टाकून म्हणाले, "मामंजी, उंदीर झालेत. चांगले घुशीएवढे दिसतायत. आजच विष आणा आणि मारून टाका सगळे उंदीर!"

सासूबाई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं पळत आल्या आणि त्यांनी तोच हात माझ्या तोंडावर दाबला. मामंजींनी कुणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसा कप खाली ठेवला. 

"किती येळा नाव घेतलंस?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

आता यापुढचं सांगायला मला आजही संताप येतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला ट्रंक उघडली, तर माझं माहेरचं जरीचं पातळ, तेही नेमका पदर, असा कुरतडलेला की चाळणी बरी. ट्रंकेला मागून गंजून भोक पडलं होतं, 'ती मंडळी' हिवाळ्यात ऊब शोधत आत शिरली असणार, सगळं शास्त्राला धरून होतं. पण हे मी कुणाला सांगू? सासूबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजूत घालायला लागल्या. "जाऊ दे. नवीन हायेस. त्यांना बी कळंल हळूहळू."

नवऱ्याला सांगितलं. तो चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर होता, घरी आला की झोपायचा. कूस बदलून म्हणाला, "तू पण ना. मोठ्यानं कशाला बोलतेस?"

त्या दिवसापासून मी या युद्धात मनापासून उतरले. रताळ्यांसाठी नंतर, आधी पदरासाठी.

मग मसलत बसली. मसलतीला शेजारचे चाचा आले. चाचांचं शहरात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. मनमोकळा माणूस, त्यांच्या मते जगातली कुठलीही अडचण पत्रा वाकवून सुटण्यासारखी होती. त्यांच्या आमच्या परसांमध्ये नुसतं काट्यांचं कुंपण होतं, म्हणजे 'ती मंडळी' दोन्ही घरांची सामाईक होती. अडचण अशी की मसलत करायची तर बोलावं लागणार, आणि बोललं की त्यांना समजणार.

"मराठी नको," मामंजी हळूच म्हणाले. "ही इथलीच आहेत."

"तो फिर उर्दू में बोलो," चाचा म्हणाले.

मामंजींनी खिन्नपणे मान हलवली. "निजामाच्या काळापासून यांचा इथं मुक्काम आहे. उर्दू तर त्यांची मादरी जबान असणार."

"हौ," चाचांनाही पटलं. "हमारे घर के तो पक्का समझते."

दोन शहाणीसुरती माणसं, एक सरकारी पेन्शनर आणि एक दुकानदार, उंदरांच्या भाषाज्ञानाचा हा अंदाज घेत होती आणि मी चहाचा ट्रे धरून उभी होते. शेवटी ठरलं की इंग्रजी. इंग्रजांचं राज्य इथं थेट कधी नव्हतंच, तेव्हा ती भाषा त्यांच्या कानावरून गेलेली नसणार. घरात इंग्रजी येणारी मी एकटी. मला मध्ये उभं केलं. मीही पदर खोचला आणि वर्गात बोलावं तसं ठणकावून सांगितलं, "टुमारो मॉर्निंग, वुई विल कीप अ केज!"

चाचांनी "वाह!" म्हटलं. त्यांना काही कळलं नव्हतं. मामंजींना निम्मं कळलं. सासूबाईंना सांगायचं कसं, तर मामंजी त्यांना घेऊन पार बसथांब्यापर्यंत चालत गेले आणि तिथं लिंबाखाली उभं राहून मराठीत सांगून आले. थांब्यावरच्या लोकांना वाटलं, म्हातारा-म्हातारीचं भांडण झालंय आणि घरात लाज वाटते म्हणून इथं बोलतायत.

चाचांना हातवारे करून समजावलं, तेव्हा त्यांनी पिंजरा करून आणला. पिंजरा कसला, तुरुंगच, वर कडी, आत भजं अडकवायला आकडा. दुसऱ्या सकाळी त्यात एक जाडजूड बोका म्हणावा असा उंदीर सापडला. त्याचं शेपूट अर्धं तुटलेलं होतं. आम्ही जिंकलो असं मला वाटलं.

पण मारायचा कुणी? मामंजी जन्मभर फक्त अर्ज नामंजूर करत आलेले, त्यांच्यानं होईना. चाचा म्हणाले, "मारना नक्को, दूर छोड देंगे." सासूबाईंनी तर गणपतीच्या वाहनाला हात लावलात तर मी जेवणार नाही असं सांगून टाकलं, आणि सोडून यायचं काम स्वतःकडं घेतलं. रोज सकाळी त्या पदराखाली पिंजरा घेऊन निघायच्या आणि लगेच परत यायच्या. मला वाटलं, काय झपाझप चालतात! गुडघे दुखतात म्हणतात ते खोटंच असावं.

पिंजऱ्यात रोज एक सापडू लागला. मामंजी खूश. पण वरंब्यावरचे उकीर कमी होईनात. एका सकाळी मी पिंजऱ्यात नीट बघितलं, तर शेपूट अर्धं तुटलेलं. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं, तर तोच. त्याला पिंजऱ्याची इतकी सवय झाली होती की भजं संपवून तो कोपऱ्यात गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा स्वस्थ बसला होता.

मी सासूबाईंच्या मागोमाग गेले. त्या कुंपणापर्यंत गेल्या, इकडंतिकडं बघितलं आणि पिंजऱ्याचं दार चाचांच्या परसाकडं उघडलं. नेमक्या त्याच वेळी कुंपणाच्या पलीकडून चाचांची बायको, जिला आम्ही सगळे खाला म्हणायचो, हातात दुसरा पिंजरा घेऊन आली आणि तिनं तो आमच्या परसाकडं उघडला. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. दोन उंदीर एकमेकांना ओलांडून आपापल्या नव्या घरी गेले.

"आमच्या तिथं रताळी हायेत म्हणून सोडता व्हय?" सासूबाई फणकारल्या.

"और हमारी मुर्गियों का दाना?" खाला म्हणाली. मग दोघी जणी हसत सुटल्या. मी मात्र अशी चिडले की त्या दिवशी शाळेत सगळ्या वर्गाला उगाच उभं केलं. कुणी कुणाशी मोकळेपणी बोललं असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण बोलायचीच बंदी, मग आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यानंतर मामंजींनी स्वतःचा उपाय काढला. लहानपणी वावरात बघितलेला. मडक्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर वाळक्या मिरच्या, मडक्याला बुडाशी भोक, ते बिळाच्या तोंडाला लावायचं आणि फुंकणीनं फुंकायचं. धूर बिळात शिरतो आणि मंडळी बाहेर पडतात. वावरात हे ठीक असतं, तिथं बीळ वावरातच संपतं. आमच्या परसात बीळ कुठं संपतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

फुंकायला चाचा बसले. छाती मजबूत. थोडं फुंकून त्यांनी कान बिळाशी लावला आणि डोळे मोठे केले. "भाईसाब! अंदर खाँस रहे!"

"और फूंको!" मामंजी म्हणाले. इंग्रजी वगैरे सगळं विसरून गेले होते.

चाचांनी जीव ओतून फुंकलं. पुन्हा कान लावला. "बहुत सारे हैं! पूरा खानदान खाँस रहा!"

खानदानच होतं, पण चाचांचं. बिळाचं दुसरं तोंड त्यांच्या चुलीमागं निघत होतं. खाला डोळ्यांना पदर लावून बाहेर आली, मागोमाग जेवायला आलेले तिचे दोघे भाऊ, मग सासू. सगळे शिंकतायत, खोकतायत, एकाच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच. त्यांना बघून आम्ही हसायला लागलो तेवढ्यात आमच्या देवघरातूनही धूर यायला लागला आणि सासूबाई गणपतीला कडेवर घेऊन अंगणात धावत आल्या. पाळीवरून येऊन झोपलेला माझा नवरा पहिल्यांदाच जागा झाला. 'ती मंडळी' काही बाहेर पडली नाहीत. त्यांनी त्या दिवशी दारं लावून घेतली असावीत.

शिवरात्र तोंडावर आली. वर वेल हिरवागार होता. मामंजी खाली उकरून बघायला तयार नव्हते. "शिवरात्रीलाच काढायचं," म्हणायचे. त्यांना बघायचं धाडस होत नव्हतं, हे मला कळत होतं. आदल्या दिवशी ते हजामत करायला शहरात गेले आणि सासूबाईंनी मला खूण केली. आम्ही दाराजवळचा एक वेल उचलला. खाली बोटाएवढ्या मुळ्या आणि कुरतडलेल्या साली. दुसरा उचलला, तेच. तिसरा उचलायचं आमचं मन झालं नाही.

सासूबाई तिथंच मातीत बसल्या. "ह्या माणसानं जन्मात कंदी कुणापुढं बढाई मारली न्हाई," त्या म्हणाल्या. "एकदाच मारली. आन् ती बी अशी गेली." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला उंदरांचा राग येईना, त्या दिवाळीच्या फराळाला हसलेल्या भावकीचा आला.

मी शाळेला अर्धी सुट्टी टाकून शहागंजात गेले. उपासाच्या आदल्या दिवशी बाजारात रताळी मिळवणं म्हणजे लढाई. लाल संपली होती, पांढरी राहिली होती, ती घेतली. माती लागल्यावर कोण बघतंय, असा विचार केला. मामंजी यायच्या आत आम्ही दोघींनी ती दाराजवळच्या वेलांखाली पुरली आणि वरून माती थापटून ठेवली. मामंजींना सांगायचं नाही असं ठरलं. या घरात न सांगण्याची सवय एव्हाना मलाही लागली होती.

शिवरात्रीला दुपारी थोरले उतरले. भस्माचे पट्टे तेच, आवाज तोच, खांद्यावर पिशवी मात्र नव्हती. "काय बी आणलं न्हाई," ते फाटकातूनच गरजले. "सकाळपासनं पोटात पाण्याबिगर काय न्हाई. खाऊ घाल आता!" मग परसात पाय टाकताच उकिराकडं बघून तसंच मोठ्यानं, "उंदरं लई झाल्यात की रे तुझ्याकडं!" सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

मामंजी कुदळ घेऊन तरातरा पलीकडच्या टोकाच्या वरंब्याकडं निघाले.

"तिकडं कुठं?" थोरले म्हणाले. "हे दारातलं काढ की."

मामंजींचा चेहरा पांढरा पडला. तो का पडला, ते मला त्या क्षणी कळलं नाही. त्यांनी नाइलाजानं कुदळ मारली आणि मातीतून चार टपोरी रताळी वर आली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मामंजी मात्र भावापेक्षाही जास्त चकित झाले. "लागली!" ते ओरडले. "अगं, लागली की!" लहान मुलासारखे त्यांनी ती छातीशी धरली. त्यांना ती खरी वाटली होती.

थोरल्यांनी एक उचलून बोटानं माती पुसली. "वेल लालचा दिसतो. रताळं पांढरं?"

"जमिनीचा गुण," मामंजी म्हणाले आणि आता अंगात आल्यासारखे पलीकडच्या टोकाला गेले. तिथं कुदळ न लागताच, नुसती माती बाजूला सारल्यावर, लाल रताळी निघाली. स्वच्छ धुतलेली. मी सासूबाईंकडं बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडं. लाल रताळी आम्ही पुरली नव्हती. मग काल मामंजी शहरातून आले तेव्हा त्यांची दाढी तशीच्या तशीच का होती, ते लक्षात आलं.

"आन् त्या मधल्या वरंब्याखाली?" थोरल्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

मधल्या वरंब्याखाली आम्ही काही ठेवलं नव्हतं. मामंजींनीही नसावं, कारण ते जागचे हलले नाहीत. कुंपणापलीकडं चाचा उभे होते, फार गोड हसत होते. थोरल्यांनीच खाली वाकून हातानं माती उकरली आणि एक मोठं रताळं बाहेर काढलं. दाबलं. साल हातात आली. आतून मऊ, शिजलेलं, पिवळंधमक.

"मार्केट में कच्चे खतम हो गए थे," चाचा हळूच म्हणाले. "उबले हुए ही मिले. हम सोचे, मिट्टी में कौन देखता."

 थोरले त्या रताळ्याकडं बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू वर येताना आम्हाला दिसलं. "कारकुना," ते म्हणाले, "तुझ्याकडं उकडूनच निघत्यात व्हय रे?" आणि ते असे हसले की त्यांना वरंब्यावर बसावं लागलं. चाचा हसले, खाला हसली, सासूबाई तोंडात पदर कोंबून हसल्या. मलाही आवरेना.

मामंजी हसत नव्हते. त्यांनी कुदळ खाली ठेवली, चष्मा काढला आणि सरळ सांगितलं, "दादा, माझं काही लागलं नाही. मी लावलं, पाणी घातलं, सगळं केलं, पण खाली काही नाही. ही सगळी बाजारातली आहेत." एवढं बोलून ते उभेच राहिले, साहेबापुढं उभं राहावं तसे. आमचं हसू जागच्या जागी थांबलं. मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

थोरल्यांनी ते उकडलेलं रताळं नळाखाली धुतलं. "मातीतनं निघालं न्हवं? मग उपासाला चालतं," म्हणाले आणि उभ्या उभ्या खाल्लं. मग वाफ्यात शिरले. पानं उलटून बघितली, वेल हातावर तोलला, वरंब्याची माती मुठीत दाबून सोडली. 

"पिशोरला बी निम्मं तीच खात्यात," शेवटी म्हणाले. "तू एवढंसं लावलंस, म्हणून सगळं गेलं. खालचं गेलं ते त्यांनी नेलं. पण हा वेल काय त्यांनी केला न्हाई. असा वेल औंदा माझ्याकडं बी न्हाई. आन् वरंबा तर आपला बाप घालायचा तसा हाय, सुताला सूत." मग मामंजींकडं न बघता म्हणाले, "मला बेणं दे ह्याचं."

 मामंजी विळा आणायला गेले. वेल त्यांनी एका मापात कापले. शेतकरी दुसऱ्याकडून बेणं मागून नेतो, तेव्हा तो त्याला आपल्या बरोबरीचा शेतकरी मानतो, हे मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. मामंजींना कुणी सांगायची गरज नव्हती. थोरल्यांनी पटका सोडला, नळाखाली ओला केला आणि वेल त्यात बांधून घेतले. भावाच्या बेण्यासाठी बोडक्या डोक्यानं निघाले.

आम्ही थांब्यापर्यंत पोचवायला गेलो. कन्नडची गाडी आली. दारात कंडक्टरनं ते भलंमोठं ओलं गाठोडं अडवलं. "बाबा, हे गवत आत नाही घ्यायचं. टपावर टाका."

"गवत?" थोरले त्याच्यावर असे गरजले की आख्खी गाडी वळून बघायला लागली. "माझ्या भावाच्या वावरातलं बेणं हाय हे!"

कंडक्टर बाजूला झाला. थोरले गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीशी बसले आणि गाडी दौलताबादच्या दिशेनं गेली. मी मामंजींना म्हणाले, "चला, ऊन लागतंय." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, सूनबाई," आणि तिथंच लिंबाखाली, परक्या लोकांच्या देखत, दाढी न केलेल्या गालांवरून पाणी पुसत उभे राहिले.